मेंदूची घडण : भाग ७ – नेट्रिनची हाक

इंदापूर रस्त्यावरच्या एका हॅचरीत मी परवा उभा होतो. या पट्ट्यात उसाच्या फडांमधूनच पोल्ट्रीच्या शेड दिसतात. अंधाऱ्या खोलीत तिथल्या ताईंनी सात दिवसांचं अंडं बॅटरीवर धरलं. कवच लालसर उजळलं. आत केसासारख्या रक्तवाहिन्या आणि एक काळा ठिपका. "डोळा आहे तो," ताई म्हणाल्या. त्या डोळ्यामागे त्याच घटकेला मेंदूच्या पेशी वाटेला लागलेल्या होत्या.

चेतापेशी मेंदूतल्या पोकळ्यांच्या काठाशी जन्मतात आणि कामाच्या जागी सरकत जातात, हे मागच्या भागात पाहिलं. मग त्यांना वाट कोण दाखवतं?

स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८९० मध्ये कोंबडीच्याच भ्रूणात वाढत्या चेतातंतूचं टोक पाहिलं. पुढे त्यांनी तर्क केला, की रसायनं त्याला ओढत असावीत. ते रसायन हाती यायला शंभरेक वर्षं गेली. मेरुरज्जूच्या तळाची एक चिंचोळी पट्टी तंतूंना ओढून घेते, हे कळलं होतं. पण ती इतकी बारीक, की तिच्यातून पुरेसं द्रव्य मिळेना. तोच गुण कोंबडीच्या भ्रूणाच्या मेंदूतही आढळला. मार्क टेसिए-लाविन्य आणि सहकाऱ्यांनी सुमारे २५ हजार भ्रूणांचे मेंदू वापरून १९९४ मध्ये ते प्रथिन वेगळं केलं. नाव ठेवलं नेट्रिन, संस्कृत 'नेतृ'वरून. नेतृ म्हणजे नेणारा. आपला 'नेता' याच घरचा. तंतूंप्रमाणेच सरकणाऱ्या काही पेशींनाही नेट्रिन वाट दाखवतं, हे नंतर उमगलं.

गुऱ्हाळ पेटलं की वाऱ्यावरच्या वासानं आपण त्याच्यापर्यंत पोचतो. जवळ जावं तसा वास दाट होतो. पेशीचंही तसंच. तिच्या पुढच्या टोकावर नेट्रिन टिपणारे ग्राही असतात. ज्या बाजूला नेट्रिन दाट, त्या बाजूला पेशीचा आतला सांगाडा वाढतो, टोक तिकडे सरकतं आणि मागून केंद्रक ओढलं जातं. 'डीसीसी' हा ग्राही असला तर नेट्रिन बोलावतं. 'अन्क-५' असला तर तेच नेट्रिन दूर लोटतं. हाक एकच, अर्थ ऐकणाऱ्यावर ठरतो.

पेशीजवळ अख्ख्या मेंदूचा नकाशा नसतो. पुढचं पाऊल कुठे टाकायचं, तेवढं तिला शेजार सांगतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा तोळे यांच्या गटानं २००७ मध्ये उंदराच्या भ्रूणात सरकणाऱ्या पेशींचा असाच एक काफिला दाखवला : अग्रमेंदूच्या मागच्या भागातून निघून भीतीसारख्या भावना सांभाळणाऱ्या अमिग्डालात जाणारा.

माणसात वयात येण्याची सुरुवात करणाऱ्या पेशी चक्क नाकाच्या भागात जन्मतात आणि तिथून मेंदूत जातात. वाटेतले संकेत बिघडले तर त्या अडकतात. याला कालमन सिंड्रोम म्हणतात. अशा मुलांना वास येत नाही आणि वयात येणं आपोआप सुरू होत नाही. म्हणून कुणाचं वयात येणं फार लांबलं, तर त्याला वास येतो का, हे आवर्जून विचारा आणि डॉक्टरांना सांगा. संप्रेरकांचे उपचार आहेत. लाजेपोटी वर्षं घालवू नयेत.

पुढच्या आठवड्यात : पेशींना थर लावून बसवणारं रीलिन.