समुद्री टाकीतला नकोसा पाहुणा

मंगळूर असो वा चेन्नई, बंगळूरहून समुद्र साधारण साडेतीनशे किलोमीटर दूर आहे. तरीही इथल्या अनेक घरांत तो काचेच्या टाकीत नांदतो. आरओचं पाणी, त्यात मोजून घातलेलं समुद्री मीठ, दगड, प्रवाळ आणि नारिंगी क्लाउन मासे. अशा टाकीत एक दिवस दगडाच्या फटीत इवलंसं तपकिरी फूल दिसतं. मुलं खूश होतात, ‘आई, नवं फूल उगवलंय!’ पण तुम्ही खूश होण्याआधी ते नीट पाहून घ्या.

ओळख पटवा

लांब देठ, वर नारळाच्या झावळ्यांसारखे पारदर्शक तपकिरी तंतू आणि हात जवळ नेताच बिळात गडप होणं, ही ऐप्टेशियाची लक्षणं. तंतू आखूड व जाडसर आणि टोकं फुगीर असतील तर तो बहुधा मजानो. दोन्ही समुद्रफुलांच्याच जाती आहेत. बहुतेक वेळा ती नव्या दगडासोबत किंवा प्रवाळासोबत घरात येतात. शेजारच्या प्रवाळाला डंख मारून ती त्याची जागा बळकावतात.

खरवडू नका

पहिला मोह होतो तो चिमट्याने ओढून काढण्याचा. नेमकं तेच टाळा. ऐप्टेशियाच्या तळव्याचा बारीक तुकडा दगडावर राहिला, तरी त्यातून नवं समुद्रफूल तयार होतं. एकाची दहा होतात ती अशी. शिवाय त्याच्या शरीरातली सूक्ष्म शैवालं प्रकाशावर त्याच्यासाठी अन्न बनवतात, त्यामुळे ते उपाशी मरत नाही. याच चिवटपणामुळे प्रवाळ का पांढरे पडतात, हे अभ्यासण्यासाठी शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत ऐप्टेशिया मुद्दाम वाढवतात.

चुन्याचा उपाय

संख्या कमी असेल तर शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजेच विरवलेला चुना, थोड्या आरओ पाण्यात दाट कालवा. विड्याचा सुगंधी चुना नको. टाकीतले पंप बंद करा. इंजेक्शनच्या सिरिंजने चुना हळूच समुद्रफुलाच्या तोंडावर सोडा आणि ते पूर्ण झाकू द्या. पंधरा-वीस मिनिटांनी उरलेला चुना नळीने ओढून घ्या, मग पंप सुरू करा. चुन्याने पाण्याचा पीएच वाढतो, म्हणून एका वेळी तीन-चारच समुद्रफुलं घ्या. आठवड्याने पुन्हा पाहा. एका फेरीत काम होत नाही. चुना डोळ्यांना भाजतो, तेव्हा चष्मा व हातमोजे घाला आणि मुलांना लांब ठेवा.

मदतनीस जीव

पेपरमिंट कोळंबी लहान ऐप्टेशिया खाते, मात्र मजानोला सहसा तोंड लावत नाही. दुकानात तिच्यासारखीच दिसणारी, पाठीवर कुबड असलेली उंट कोळंबी मिळते. ती प्रवाळच कुरतडते, म्हणून पाठ बघूनच घ्या. बर्घिया ही समुद्री गोगलगाय फक्त ऐप्टेशियावर जगते. ते संपलं की तीही उपाशी मरते, त्यामुळे ती दुसऱ्या गरजू टाकीला देण्याची सोय आधीच करा. लांब चोचीचा कॉपरबँड मासा कामाचा आहे, पण लहान टाकीत तो टिकत नाही.

दगड उकळू नका

दगड पातेल्यात उकळणं सोपं वाटतं, पण ते घरातल्यांच्या जिवावर बेतू शकतं. त्या दगडावर झोअँथिड, म्हणजे रंगीत बटणांसारखे प्रवाळ, असतील तर वाफेतून पॅलिटॉक्सिन हे जहाल विष हवेत पसरू शकतं. अमेरिकेतल्या अलास्का राज्यात २०१२ ते २०१४ दरम्यान घरांत व दुकानांत अशा प्रवाळांमुळे माणसं आजारी पडल्याच्या नोंदी आहेत. त्यावर ठरावीक उतारा नाही. दगडावर गरम पाणी ओतणं किंवा ब्रशने घासणंही टाळा. प्रवाळ हाताळल्यावर ताप, खोकला, धाप लागणं किंवा तोंडाला कडू चव जाणवली तर लगेच डॉक्टरांकडे जा आणि घरात समुद्री टाकी असल्याचं आवर्जून सांगा.

पुन्हा येऊ नये म्हणून

नवा दगड किंवा प्रवाळ थेट मुख्य टाकीत सोडू नका. चार ते सहा आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवा आणि भिंगाने तपासा. माशांना दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच खाणं द्या, कारण उरलेल्या अन्नावर ही समुद्रफुलं फोफावतात.

सुट्टीत कारवार किंवा मालवणला गेलात, तर किनाऱ्यावरून प्रवाळ आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दगडी प्रवाळांना संरक्षण दिलेलं आहे. दुकानातून घेतानाही ते कुठून आले हे विचारा आणि पक्की पावती घ्या.

टाकी पूर्ण साफ व्हायला काही महिने लागू शकतात. दर रविवारी दहा मिनिटं काढा. मुलांकडे भिंग आणि वही द्या, किती उरली हे त्यांनाच मोजू द्या. आकडा हळूहळू घटताना पाहणं त्यांनाही आवडेल.