मनोरा, विमान आणि तीन पानांचं टिपण

न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांबद्दल वाचताना मी वर्षानुवर्षं एकाच माणसापाशी अडतो. त्याचं नाव लॉरेन्स वीन. पेशानं वकील, आणि इमारतींच्या व्यवहारात मुरलेला. १९६१ साली हॅरी हेल्म्सलीच्या साथीनं त्यानं एम्पायर स्टेट बिल्डिंगचा सौदा जुळवून आणला. तीनच वर्षांत पोर्ट ऑथॉरिटीनं ११० मजल्यांच्या दोन मनोऱ्यांचा आराखडा जाहीर केला. वीननं विरोधासाठी समिती उभारली. सरकारी पाठबळावर कचेऱ्यांच्या जागांचा बाजारात पूर येईल, टीव्हीचं प्रक्षेपण बिघडेल, असे त्याचे आक्षेप होते.

२ मे १९६८ रोजी या समितीनं न्यूयॉर्क टाइम्समध्ये मोठी जाहिरात दिली. चित्रात एक प्रवासी विमान थेट उत्तर मनोऱ्याच्या रोखानं निघालेलं आहे. आज ते बघवत नाही. पण त्यावरून वीनला भविष्यवेत्ता ठरवणं मला पटत नाही. २८ जुलै १९४५ रोजी धुक्यात भरकटलेलं बी-२५ बॉम्बर एम्पायर स्टेटच्या ७९व्या मजल्यावर आदळलं आणि १४ जण दगावले, हे शहर विसरलं नव्हतं. वीनचा स्वार्थ उघड होता, तरीही त्याची शंका रास्त होती.

या शंकेचं उत्तर पोर्ट ऑथॉरिटीनं चार वर्षं आधीच लिहून ठेवलं होतं. फेब्रुवारी १९६४च्या तीन पानी टिपणात म्हटलं होतं की बोइंग ७०७ किंवा डीसी-८ ताशी ६०० मैलांच्या वेगानं धडकलं तरी नुकसान तेवढ्या भागापुरतंच राहील, मनोरा पडणार नाही. रचनाकार लेस्ली रॉबर्टसन यांची आठवण मात्र वेगळी. त्यांच्या मते विचार झाला तो धुक्यात वाट चुकलेल्या, विमानतळावर उतरू पाहणाऱ्या, म्हणजे बऱ्याच संथ विमानाचा. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, त्यामुळे हा फरक किरकोळ नाही. पुढे सरकारी तपासात मूळ आकडेमोड सापडलीच नाही. हजारो माणसं रोज ज्यात बसणार, त्या इमारतीची ही आकडेमोड जपली गेली नाही, याचा मला राग येतो.

धडकेपुरता मात्र त्या टिपणाचा अंदाज खरा ठरला. २००१ मध्ये आलेली बोइंग ७६७ विमानं ७०७पेक्षा थोडी मोठी होती. बाहेरच्या भिंतीत मीटरभर अंतरावर रोवलेले पोलादी खांब तुटले, पण भार शेजारच्या खांबांनी पेलला आणि दोन्ही मनोरे उभे राहिले. घात केला आगीनं. प्रत्येक विमानात सुमारे १० हजार गॅलन इंधन होतं. त्यातलं बरंचसं काही मिनिटांतच जळून गेलं, मग कागद, फर्निचर, गालिचे पेटत राहिले. धडकेनं पोलादावरचा अग्निरोधक थर उडाला होता. मजले खचले, त्यांनी बाहेरचे खांब आत ओढले. दक्षिण मनोरा ५६ मिनिटांत कोसळला, उत्तर मनोरा १०२ मिनिटांत.

रॉबर्टसन यांचे वरिष्ठ सहकारी जॉन स्किलिंग यांनी १९९३ मध्ये एका वृत्तपत्राला सांगितलं होतं की विमान धडकलं तर खरं संकट इंधनाच्या भयंकर आगीचं असेल, पुष्कळ माणसं मरतील, पण सांगाडा टिकेल. रॉबर्टसन यांनी २००२ मध्ये लिहिलं की अशा आगीसाठी रचना केलीच नव्हती, त्या वेळी त्याबद्दल फारसं ज्ञानही नव्हतं. मला रॉबर्टसन अधिक प्रामाणिक वाटतात. वीनच्या समितीनं विचारायला हवा होता तो प्रश्न त्या आगीचा, आणि तो तिच्या जाहिरातीतही नव्हता.