बंद दालनाबाहेरचा वार्ताहर

परराष्ट्रीय घडामोडींचा वार्ताहर म्हटला की वाचकाच्या डोळ्यांपुढे रणांगणावरील धूर, राजधान्यांतील मेजवान्या आणि मुत्सद्द्यांशी हस्तांदोलन अशी चित्रे उभी राहतात. परंतु न्यूयॉर्कच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या वास्तूत हा व्यवसाय ज्याने जवळून पाहिला आहे, त्याला ठाऊक असते की, या माणसाच्या आयुष्याचा मोठा हिस्सा, ज्या दालनात त्याला प्रवेश नाही त्याच्या दाराबाहेर उभे राहण्यात खर्ची पडतो.

सुरक्षा परिषदेचे सभागृह जगाने पाहिलेले आहे : घोड्याच्या नालेसारखे मेज, त्यामागे नॉर्वेच्या पेर क्रोग यांचे भव्य भित्तिचित्र, आणि तेथे होणारी, बहुधा आधीच लिहून आणलेली भाषणे. खरी घासाघीस शेजारच्या सल्लामसलतीच्या लहान खोलीत चालते. तेथे वार्ताहरांना मज्जाव आहे आणि तेथील बोलण्याची अधिकृत नोंदही कोठे राहत नाही. बाहेर एक ध्वनिक्षेपक आणि भिंतीवर युद्धाची भीषणता दाखविणाऱ्या पिकासोच्या ‘गेर्निका’ चित्राची विणलेली प्रतिकृती. २००३ च्या फेब्रुवारीत, इराकवरील युद्धाची बोलणी रंगात आली असताना, ती निळ्या पडद्याने झाकली गेली. कॅमेऱ्यांच्या सोयीसाठी, असे सांगण्यात आले. ते पटलेला वार्ताहर मात्र माझ्या पाहण्यात नाही.

खोलीतून बाहेर पडणारा प्रत्येक प्रतिनिधी आपल्या सरकारची कैफियत सोबत घेऊनच येतो. ध्वनिक्षेपकापुढे तो जे बोलतो त्याचे मोल फार नसते. लिफ्टकडे निघालेला एखादा दुय्यम अधिकारी, नाव न छापण्याच्या अटीवर, चालता चालता दोन वाक्ये बोलून जातो, ती अधिक उपयोगी. अशा तीन-चार परस्परविरोधी हकिकती घेऊन, प्रत्येकीतून सांगणाऱ्याचा स्वार्थ वजा करून, जे उरते त्यावर मजकूर रचावयाचा असतो : आवश्यक ती नऊ मते जमली आहेत काय, पाच कायम सभासदांपैकी कोणी नकाराधिकार वापरील काय, आपल्या राजधानीचा हुकूम यावयाचा आहे असे सांगून मुदत कोणी मागितली. ठरावाचा मसुदा अखेरच्या स्वरूपात निळ्या अक्षरांत वाटला गेला की बहुधा मतदान जवळ आले, एवढे एक चिन्ह मात्र त्यातल्या त्यात भरवशाचे. पेशव्यांचे दिल्लीतील वकील हिंगणे दरबारातील कुजबूज ऐकून पुण्यास अखबार धाडीत, तेव्हा त्यांचाही उद्योग याहून फार निराळा नसावा. फरक इतकाच की, त्यांचा धनी एक होता आणि त्याला पहाटेच्या आत अंक छापावयाचा नसे.

कारण मुंबईच्या वृत्तपत्राचा खरा शत्रू घड्याळ आहे. न्यूयॉर्कहून भारत उन्हाळ्यात साडेनऊ तास पुढे, हिवाळ्यात साडेदहा. सरचिटणीसांचे प्रवक्ते दुपारी बारा वाजता वार्ताहरांपुढे येतात तेव्हा मुंबईत रात्रीची जेवणे उरकत आलेली असतात. परिषदेचे मतदान दुपारी तीनला झाले तर तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली असते आणि उपसंपादक पान सोडण्याच्या घाईत असतो.

मग रॉयटर किंवा एएफपीचा मजकूर पाच मिनिटांत दारी येत असता स्वतःचा माणूस पदरी ठेवावा कशाला, असा हिशेबी प्रश्न व्यवस्थापक विचारतात, आणि बहुतेक वृत्तपत्रांनी त्याचे उत्तर आपल्या वार्ताहराला परत बोलावून दिलेले आहे. मला हा हिशेब अपुरा वाटतो. दक्षिण लेबनॉनमधील शांतिसेनेच्या मुदतवाढीचा ठराव घ्या. वृत्तसंस्था वॉशिंग्टन, पॅरिस आणि बैरूत यांची मते देईल, आणि तिच्या ग्राहकांना ती पुरेशीही आहेत. परंतु १९९८ पासून तेथे भारतीय पलटण उभी आहे, तिची तैनाती या ठरावाने कशी बदलते, हे वृत्तसंस्थेने विचारण्याचे कारण नाही. तो प्रश्न भारतीय वार्ताहरालाच सुचतो. तो प्रवक्त्यांच्या बैठकीत हात वर करतो, पाळी आल्यावर विचारतो, आणि ‘चौकशी करून कळवू’ असे उत्तर मिळवून जागेवर बसतो. कळविले जातेही, पुष्कळदा त्याच संध्याकाळी. तोवर मुंबईत अंक छापून झालेला असतो, म्हणून तो खुलासा दुसऱ्या दिवशीच्या मजकुरात, आतल्या पानावर, चार ओळींत जातो.