बिनपॉलिशची दांडी



श्रावण लागला, की आपल्या खानदेशात गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह बसतात. देवळापुढे मांडव पडतो, पारायणाला बैठक बसते, आणि सात दिवस, सात रात्री वीणा म्हणून खाली टेकवायची नाही, असा दंडक असतो. एकाचा पहारा संपला की दुसरा पुढे येतो, वीणेच्या पाया पडतो, ती गळ्यात घेतो आणि उभा राहतो. तासातासाचा पहारा धरला, तर सप्ताहात १६८ पहारे होतात. म्हणजे ती वीणा १६८ वेळा हात बदलते. कोणी केळीच्या बागेतून आलेला असतो, त्याच्या बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग असतात. कोणाच्या अंगठ्याला बुक्का असतो. कोणाचा हात घामाने ओला, तर कोणाचा नुकताच धुतलेला आणि न पुसलेला. हे सगळे हात एकाच जागी पडतात, ते म्हणजे वीणेच्या दांडीवर.

आज मी या दांडीविषयी चार गोष्टी सांगणार आहे. मी कॉलेजात मराठी शिकवतो. लाकूड आणि रसायने हा माझा विषय नव्हे. पण माझ्या हातून एकदा एका वीणेची दशा झाली, म्हणून मला हे शिकावे लागले.

आमच्या गावच्या सप्ताहाची वीणा जुनी आहे. दांडीवरचे पॉलिश हातांनी घासून केव्हाच गेलेले; डाव्या अंगठ्याची जागा तर उघडी पडून काळी, गुळगुळीत झालेली. एका श्रावणात मी मोठ्या उत्साहाने म्हटले, यंदा वीणा लखलखीत करायची! घरातले खोबरेल घेतले आणि दांडीला चांगले चोळले. गावचे विणेकरी आप्पा पायरीवर बसले होते. म्हणाले, "भाऊ, काय करून राहिला तू?" मी म्हटले, "आप्पा, लाकडाला तेल पाजतो आहे." ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी दांडी अशी चमकली, की मला धन्यता वाटली. पंधरा दिवसांनी पाहतो तर दांडी चिकट! तिच्यावर मांडवातली धूळ आणि बुक्का बसून राप धरलेला, आणि सांधीकोपऱ्यात पांढुरकी बुरशी. पुढच्या एकादशीला आप्पांनी वीणा गळ्यात घेतली आणि पदरच्या उपरण्याने हात पुसत राहिले. ते मला काहीच बोलले नाहीत, हेच मला अधिक लागले.

आता तुम्ही विचाराल, तेलाने असे का व्हावे? घराच्या दारांना आपण तेल लावतोच की! इथेच खरी गोम आहे. तेले दोन जातींची असतात. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल उघड्यावर कितीही दिवस ठेवा, ते ओलेच राहते. फार तर खवट होते. जवसाच्या तेलाचे, म्हणजे अळशीच्या तेलाचे, तसे नाही. पातळ थर दिला, तर ते हवेतला प्राणवायू ओढून घेते आणि हळूहळू घट्ट होऊन त्याचा पापुद्रा बनतो. पाणी उडून कापड वाळते, तसे हे वाळणे नव्हे. तेलाचे स्वरूपच बदलते. चित्रकारांचे तैलरंग याच गुणावर टिकतात. लाकडाला हवे ते हे सुकणारे तेल. मी पाजले होते न सुकणारे.

दुसरी गोष्ट पाण्याची. लाकूड झाडावरून उतरले, वाळले, रंध्याखाली गेले, तरी त्याचा हवेशी देवघेवीचा व्यवहार संपत नाही. हवा कोरडी असली की ते ओल सोडते, दमट असली की घेते. मे महिन्यात जळगावात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा लाकडातली ओल त्याच्या वजनाच्या चार-पाच टक्क्यांवर येऊ शकते. तेच लाकूड श्रावणातल्या झडीत सोळा-सतरा टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. ओल वाढली की लाकूड फुगते, पण सगळीकडे सारखे फुगत नाही. लांबीत फरक जवळजवळ पडत नाही, रुंदीत पडतो. सागाच्या १०० मिलिमीटर रुंद आडव्या चिरेच्या फळीत हा फरक दोनेक मिलिमीटर भरेल. साग सोसणारा आहे. काही लाकडे याच्या दुप्पट हलतात.

पॉलिश हे करते काय? ते ही देवघेव बंद करत नाही, फक्त मंद करते. पॉलिश गेलेली दांडी भराभर ओल घेते आणि भराभर सोडते. त्यात एक बाजू पॉलिशची आणि दुसरी उघडी असेल, तर दोन्ही बाजू सारख्या वेगाने हलत नाहीत आणि दांडी वाकते. म्हणून देखभाल करायची ती सगळ्या उघड्या भागाची, सारखी.

आपल्याकडच्या पुष्कळ वीणा आणि तंबोरे मिरजेहून येतात. तिथली ही कारागिरी एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली आहे. दांडीला तुणीचे लाकूड, भोपळा पंढरपूरच्या बाजूच्या शेतांतला, आणि वरून लाखेचे पॉलिश, अशी तिची रीत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. लाखेचे पॉलिश सुंदर दिसते, पण त्याचा एक शत्रू आहे: स्पिरिट. लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात, तेव्हा स्पिरिट लागले की ती पुन्हा सुटते. २०२० सालच्या साथीनंतर हाताला सॅनिटायझर लावण्याची सवय घरोघरी आली. त्यातही मद्यार्कच असतो. सॅनिटायझरचा ओला हात वीणेला लावू नका. साबणाने धुतलेला, कोरडा हात बरा.

हीच गोष्ट आता आपल्या मुलांच्या हातातल्या गिटारलाही लागू आहे. जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत आज गिटार नवी राहिलेली नाही. माझा एक विद्यार्थी आपली गिटार घेऊन आला. तिची दांडी फिकट, जवळजवळ सायीच्या रंगाची, आणि पॉलिश मुळीच नाही. म्हणाला, "सर, ही काळी पडत चालली आहे, काय करू?" ते लाकूड होते मेपलचे. कॅनडाच्या झेंड्यावर १९६५ सालापासून ज्याचे पान आहे, ते हे झाड. त्याच्या एका जातीच्या रसापासून तिकडे साखर करतात. कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर यांनी १९५० साली विजेच्या गिटारला मेपलची दांडी बसवून विक्रीस काढली, तेव्हापासून हे लाकूड या वाद्यात रुळले. ते कठीण आणि बारीक रंध्रांचे आहे. कारखान्यात त्यावर रोगण चढवतात. पण घामट हाताला चकचकीत रोगण चिकटते, हात सरकत नाही. म्हणून काही वादक ते मुद्दाम काढून टाकतात, तर काही दांड्या मुळातच बिनरोगणाच्या असतात. हाताला सुख होते खरे, पण घाम आणि मळ थेट लाकडात जातो. आणि मघाशी मी दुप्पट हलणारे लाकूड म्हणालो, ते हेच. सागाची फळी दोन मिलिमीटर हलते, तिथे मेपलची चारेक हलेल.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते क्रमाने सांगतो. वीणा असो, एकतारी असो की गिटार, रीत एकच.

पहिली पायरी रोजची. वाजवून झाले की मऊ, कोरड्या सुती कापडाने दांडी पुसा. जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा यासाठी उत्तम. सप्ताहात वीणेबरोबर असा एक पंचा ठेवा. पहारा घेणाऱ्याने आधी आपले हात पुसावेत, मग दांडी. आणि पूजा करताना ओले गंध-कुंकू किंवा पाणी निथळणारा हार उघड्या लाकडावर येऊ देऊ नका. हळद-कुंकवाचा डाग लाकडात उतरला की निघत नाही. भक्तीला यात काही उणे येत नाही.

दुसरी पायरी मळ बसला असेल तर. कापड पाण्यात बुडवून अगदी घट्ट पिळा, त्यावर साबणाचा एखादाच थेंब घ्या, थोडा थोडा भाग पुसा, आणि लगेच कोरड्या कापडाने टिपा. पाणी ओतायचे नाही. मग एक दिवस सावलीत राहू द्या. उन्हात मात्र ठेवू नका.

तिसरी पायरी, माझ्यासारखी कोणी तेलाची चूक केली असेल तर. तेलकट राप पाण्याने जात नाही. रंगाच्या दुकानातल्या टर्पेंटाइनचे चार थेंब कापडावर घेऊन पुसा. हे काम ओट्यावर, मोकळ्या हवेत करा. जवळ समई, उदबत्ती, विडी, काही नको.

चौथी पायरी, लाकूड खरखरीत झाले असेल तरच. पाण्याने लाकडाचे बारीक तंतू उभे राहतात. ४०० नंबरचा किंवा त्याहून बारीक पॉलिशपेपर हलक्या हाताने, रेषांच्या दिशेने फिरवा. आडवा कधीच नाही. जिथे जुने पॉलिश शाबूत आहे, तिथे हात लावू नका.

पाचवी पायरी तेलाची. उकळलेले अळशीचे तेल घ्या. काही सुतारांच्या तोंडी याला बेलतेल म्हणतात. दुकानातल्या या तेलात लवकर सुकावे म्हणून इतर द्रव्ये घातलेली असतात, तेव्हा ते खाण्याच्या तेलाजवळ ठेवू नका. कापडावर थोडे थेंब, दांडीवर पातळ हात, पंधरा-वीस मिनिटे थांबा, आणि वर राहिलेले सगळे पुसून काढा. दोन-तीन दिवस सुकू द्या, मग वाटल्यास दुसरा हात. शेवटी मधमाशीच्या मेणाचा अगदी हलका हात देऊन कापडाने घासा. तारांना, घोडीला आणि भोपळ्याच्या जोडाला तेल लागू देऊ नका. हे काम दिवाळीनंतर करावे. तेव्हा हवा फार कोरडीही नसते आणि दमटही नसते. वर्षा-दोन वर्षांतून एकदा पुरे.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचे, नीट ऐका. अळशीच्या तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना उष्णता निर्माण करते. पसरलेल्या कापडातून ती उडून जाते. बोळ्यात ती कोंडते, वाढत जाते, आणि काडी न लावता कापूस पेट घेऊ शकतो. मी दुसऱ्या खेपेला वीणेचे काम केले, तेव्हा असाच एक बोळा मांडवाच्या कडेला, कडब्याजवळ टाकला होता. दोन-तीन तासांनी उचलायला गेलो, तर तो हाताला चक्क गरम लागला. आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्याला हे सांगितले, तेव्हा त्याचा चेहरा उतरला. कडबा, कापडी मांडव आणि आत पारायणाला बसलेली माणसे, हे चित्र आजही डोळ्यांपुढे आले की माझ्या पोटात गोळा येतो. तेव्हा चिंधी एक तर दगडावर एकेरी पसरून बाहेर वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या डब्यात बुडवून ठेवा.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवतो. सुताराकडून बिनपॉलिशच्या लाकडाच्या दोन सारख्या पट्ट्या आणा. एकीला अळशीचे तेल आणि मेण द्या, दुसरी तशीच ठेवा. एप्रिलमध्ये, परीक्षेच्या दिवसांत, दोन्हींचे वजन आणि रुंदी मुलांकडून वहीत लिहून घ्या. मग ऑगस्टात पुन्हा मोजा. हवेतला ओलावा हा शब्द मुलांनी पुस्तकात वाचलेला असतो; तराजूत तो पाहिला, की विसरणार नाहीत.

आता राहिली आमची वीणा. राप निघाला, दांडी स्वच्छ झाली. पण अंगठ्याच्या जागेचा तो काळा डाग काही केल्या जाईना. मी पॉलिशपेपर हातात घेतला, तेव्हा आप्पा पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "तो राहू दे भाऊ. त्यात माझा बाप आहे." मी थांबलो. पुढे माझ्या ध्यानात आले, की यात एक चांगली कसोटीही आहे. कापडाला जे काळे लागते, तो मळ; तो काढावा. कापड कोरे राहते आणि तरी डाग दिसतो, तो लाकडाचाच झालेला, तो ठेवावा. तो खरवडायचा म्हणजे चांगले लाकूड खरवडायचे.

यंदाच्या सप्ताहात तुमच्या गळ्यात वीणा आली, तर उभे राहण्यापूर्वी एकदा पंच्याने हात पुसा, म्हणजे तुमच्यामागून पहाऱ्याला येणाऱ्याच्या हाती दांडी स्वच्छ जाईल.