पांढऱ्या पिल्लाचा हिशेब

पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत बाप्पाच्या पोटावरचा नाग रंगवायला कारागिराला काही मिनिटं पुरतात. सोनेरी हवा तर सोनेरी. गिऱ्हाईक म्हणालं पांढरा, तर पांढरा. जिवंत सापाचा रंग बदलायचा असेल तर मात्र ब्रश कामाचा नाही. तिथे गुणाकार लागतो, आणि तो फार लवकर हाताबाहेर जातो.

जगभरात ज्या सापावर घरबसल्या हा उद्योग चालतो, तो कॉर्न स्नेक अमेरिकेच्या आग्नेय भागातला. बिनविषारी, उंदीर खाणारा, पूर्ण वाढला की साधारण सव्वा मीटर. नारिंगी-तपकिरी अंगावर काळ्या कडांचे तांबडे ठिपके. पेण-रोह्याच्या घरांत उंदरांमागे शिरणारा आपला तस्कर साप त्याचा लांबचा नातेवाईक. एकेकाळी शास्त्रज्ञ दोघांनाही ‘एलाफे’ या एकाच प्रजातीत बसवत असत.

1953 साली नॉर्थ कॅरोलिनात काळं रंगद्रव्यच नसलेला एक नर कॉर्न स्नेक रानात सापडला. जॉर्जियातल्या व्हॅल्डोस्टा गावचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. बर्नार्ड बेक्टेल यांनी 1959 मध्ये त्याची साध्या मादीशी जोडी लावली. पिल्लं झाली ती सगळी साधी. दुसरा कोणी असता तर नाद सोडून देता. बेक्टेलनी ती पिल्लं वाढवली, आपसात जोड्या लावल्या, आणि 1961 मध्ये अंड्यांतून लाल डोळ्यांची, नारिंगी पिल्लं बाहेर आली. रंग हरवला नव्हता, एक पिढी दडून बसला होता.

2015 मध्ये जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी बिघाड नेमका कुठे आहे ते शोधलं. ‘ओसीए-टू’ नावाच्या जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा घुसला होता. माणसांत निळे-घारे डोळे होतात ते मुख्यतः याच जनुकाच्या परिसरातल्या फरकामुळे. कोकणात घाऱ्या डोळ्यांचं ज्या घरांत फार कौतुक असतं, त्यांनी हे सापाशी असलेलं नातं मनावर घेऊ नये.

आता आकडे. असं अप्रभावी जनुक आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आलं तरच रंग दिसतो. दोघंही दिसायला साधे पण पोटात ते जनुक बाळगून असतील, तर चारांत एक पिल्लू रंगीत. एका वेळची अंडी 15 धरली, तर निदान एक तरी रंगीत निघण्याची शक्यता जवळजवळ 99 टक्के. इथवर सगळं सोपं वाटतं.

मग हौस वाढते. काळा रंग नको, तांबडाही नको. दोन्ही गेले की गुलाबीसर पांढरा साप मिळतो, त्याला ‘स्नो’ म्हणतात. चार गुणिले चार, म्हणजे सोळांत एक. पण 16 अंडी घातली म्हणजे एक स्नो हमखास मिळेल असं नाही. 16 अंड्यांनंतरही हात रिकामे राहण्याची शक्यता 36 टक्के उरते. 95 टक्के खात्री हवी असेल तर 47 अंडी लागतात. तीन जनुकं एकत्र आणायची तर चौसष्टात एक, आणि त्याच खात्रीसाठी 191 अंडी. चार जनुकं म्हणजे 256 मध्ये एक, अंडी 766.

या 766 पिल्लांपाशी जरा थांबायला हवं, कारण खरी गंमत इथे आहे. त्यांत मनासारखी पिल्लं निघणार सरासरीने तीन. साधी तपकिरी दिसणारी निघणार सुमारे 242. या 242 पैकी जेमतेम तीन खरोखर कोरी, एकही रंग न बाळगणारी. उरलेली 239 काही ना काही दडवून बसलेली. पण कोरी तीन कुठली आणि भरलेली 239 कुठली, हे नुसतं बघून जगातला कोणीही सांगू शकत नाही.

आणि ती खातात. पिल्लाला आठवड्याला उंदराचं एक गुलाबी पिल्लू धरलं तरी वर्षाला 39,832 उंदीर झाले, तेही तीन सापांसाठी. प्रत्येकाला स्वतंत्र डबा हवा. 30 सेंटिमीटरचे डबे ओळीने मांडले तर ओळ 230 मीटर होते. पेणमधल्या कुठल्या वन-बीएचकेत ती मावेल, ते ज्याने त्याने ठरवावं.

दहा जनुकांचा हट्ट धरला तर 10,48,576 पिल्लांत एक. डब्यांची तीच ओळ आता 314 किलोमीटर. कोकण रेल्वे रोह्याला सुरू होते. ही ओळ रुळांच्या कडेने निघाली तर रत्नागिरी मागे टाकून सिंधुदुर्ग जिल्ह्यात शिरते. वीस जनुकांवर तर पिल्लांचा आकडा एक लाख नऊ हजार नऊशे एक्कावन्न कोटींच्या पुढे जातो. पृथ्वीवर माणसं आहेत सव्वाआठशे कोटींच्या आसपास.

अर्थात असं आंधळेपणाने कोणी करत नाही. जाणता माणूस हिशेब टप्प्याटप्प्याने खाली आणतो. चारही रंग अंगावर दिसणारा एक साप हाती आला की त्याची जोडी चारही जनुकं बाळगणाऱ्या सापाशी लावायची. मग प्रत्येक जनुकाची शक्यता चारांत एकऐवजी दोनांत एक होते, आणि 256 चे 16 होतात. पण चारही जनुकं बाळगणारा साप मिळणार कुठे? बहुधा त्याच घराण्यात. म्हणजे भावंडांच्या जोड्या, आई-मुलाच्या जोड्या, आणि दर पिढीमागे साधारण तीन वर्षांची वाट. अशा जोड्यांत रंगाबरोबर नको ते पाहुणेही दुप्पट होतात. ‘सनकिस्ड’ या रंगाच्या घराण्यांत ‘स्टारगेझर’ नावाचा दोष आढळला आहे: सापाचा तोल जातो, मान उलटी वळते, डोकं आभाळाकडे. तोही अप्रभावी, तोही चारांत एक. शौकिनांच्या भाषेत त्याला इतकं सुंदर नाव का मिळालं कोण जाणे.

रानात हे सगळं का दिसत नाही, तेही गणितच सांगतं. समजा शंभर तस्करांमागे एक असं जनुक बाळगून आहे. असे दोघे योगायोगाने भेटण्याची शक्यता दहा हजारांत एक, आणि त्यातून पिल्लू रंगहीन निघण्याची चाळीस हजारांत एक. निघालंच तर हिरव्या भातात ते पांढरं पिल्लू घारीला लांबूनही दिसेल. शिवाय आपल्याकडे तस्कर, धामण, दिवड यांपैकी कुठलाच साप घरात ठेवता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून आहे आणि सापाला पकडणं हीसुद्धा त्यात शिकारच मानली जाते.

परदेशी साप परवान्याशिवाय आणता येत नाहीत, तरी येतात. डिसेंबर 2023 मध्ये बँकॉकहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किटं आणि केकच्या पुड्यांत 11 साप निघाले. नऊ बॉल पायथन, दोन कॉर्न स्नेक.

दोनच, असं म्हणून सोडून देण्याआधी ग्रॅन कॅनेरिया या स्पॅनिश बेटाकडे बघावं. तिथे पाळीव कॅलिफोर्निया किंगस्नेक सुटले. ते रानात वाढत असल्याचं 1998 च्या सुमारास लक्षात आलं. त्यांत घरात पैदास झालेले रंगहीनही होते. हा साप जिथे पसरला तिथे फक्त त्या बेटावर मूळचा असलेला मोठा सरडा 90 टक्क्यांहून जास्त घटला.

आता तोच हिशेब रोह्याच्या कुंडलिका नदीकाठी मांडू. सुटलेल्या एका कॉर्न स्नेक मादीची 15 अंडी, त्यांत साडेसात माद्या. मुंगूस, घार, कोंबड्या यांच्या तोंडी दहातल्या नऊ गेल्या तर उरते पाऊण मादी, म्हणजे धंदा तोट्यात. पण मादी एकदाच अंडी घालून थांबत नाही. सात वर्षं घातली, तर दहातल्या नऊ मरूनही तिच्या मागे सव्वापाच माद्या उरतात.