तंबू कुठे ठोकायचा?

आमच्या घरी सहल आधी वहीत होते आणि मग प्रत्यक्षात. येत्या जानेवारीत तंबू घेऊन मढला जायचे, पिंपळगाव जोगा धरणाच्या काठी एक रात्र काढायची, असा ठराव मुलांनी दिवाळीतच मांडला. मोठीला शहराच्या दिव्यांशिवाय मृग नक्षत्र पाहायचे होते, धाकट्याला शेकोटीत बटाटे भाजायचे होते. सौ.ने वहीची दोन पाने भरून काढली. सतरंज्या, स्वेटर, कानटोप्या, बॅटऱ्या, चहा-साखर, शेंगदाण्याची चटणी! वही फिरत फिरत आईकडे गेली. तिने चष्मा लावून सगळी यादी वाचली आणि विचारले, "पाण्याजवळ कोण बसणार, ते कुठं लिहिलंय?"

कुणीच काही बोलले नाही. आईचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, कॉलेजच्या सहलीत एका धरणावर बुडाला. त्याला चांगले पोहता येत होते आणि काठ चार हातांवर होता. या गोष्टीला चाळीसहून अधिक वर्षे झाली; आई अजून पाण्याच्या सहलीला येत नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हा दोन दिवस तिला जेवण गेले नाही. तिचे म्हणणे एवढेच, की मामाच्या वेळी सगळ्यांचे सगळ्यांवर लक्ष होते; म्हणजे कुणाचेच कुणावर नव्हते.

म्हणून एका रविवारी मी एकटाच मढला जाऊन जागा पाहून आलो.

पुण्याहून नारायणगाव, जुन्नर आणि गणेश खिंड करत मढला जाता येते. मुंबईकडून मुरबाड मागे टाकून माळशेज घाट चढला, की पठारावर हे पाणी दिसू लागते. जलाशयाच्या वरच्या अंगाला खिरेश्वर, तिथले जुने नागेश्वराचे मंदिर आणि मागे हरिश्चंद्रगडाची भिंत. पावसाळ्यात इथे रोहित पक्षी उतरतात आणि त्यांच्यामागे कॅमेरेवालेही. २०१८ मध्ये जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून आमच्यासारख्या हौशी मंडळींचा इकडचा ओढा आणखी वाढला आहे.

मला जागा पाच मिनिटांत सापडली. सपाट, गवताळ, पाण्यापासून दहा पावलांवर. शेजारीच हिरवा तुकडा, तिथे गाडी उभी राहील असे मी मनात धरले. एवढ्यात गुरे घेऊन आलेले एक वयस्क शेतकरी थांबले.

"पाव्हणं, काय बघताय?"

मी बेत सांगितला. त्यांनी काठीने पाण्याकडे दाखवले. "त्या तिथं आमची विहीर हाय."

मला आधी उमगलेच नाही. दाखवले तिथे नुसते निळे, शांत पाणी होते. मग ते सावकाश सांगू लागले. धरण झाले तेव्हा वडिलार्जित जमीन खाली गेली. बांध, ताली, विहीर, ओढ्याचे पात्र, सगळे जिथल्या तिथे आहे, फक्त वर पाणी आहे. "काठाला गुडघाभर दिसतं, साहेब. पुढच्या पावलाला ठाव नसतो. ठावं असणारा उतरत न्हाई, आन् उतरतो त्याला ठावं नसतं."

चाळीस वर्षांपूर्वी मामाला हे सांगणारे कुणी भेटले असते तर, असे मनात येऊन गेले.

आपण शहरातली माणसे धरणाला तलाव म्हणतो, आणि तिथेच चुकतो. हे पाणी कुणीतरी कामासाठी अडवलेले आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि हे, अशी कुकडी प्रकल्पाची पाच धरणे. इथून निघणारा कालवा थेट पारनेरपर्यंत जातो. आवर्तन सुटले की काठ मागे सरतो आणि उघडा पडतो तो गाळ. वरून वाळून कडक झालेला, आतून ओला. आज मोजलेली दहा पावले महिन्याने तितकीच राहतील याचा भरवसा नाही. आणि मी गाडीसाठी धरलेला हिरवा तुकडा? पाणी ओसरलेल्या गाळपेर जमिनीतला तो त्यांचा हरभरा होता.

"आणि बिबट्या?" मी विचारले.

"त्योबी पाण्यावर येनारच की." त्यांनी हे एखाद्या शेजाऱ्याबद्दल बोलावे तसे सांगितले. जुन्नरच्या उसात बिबटे राहतात, वाढतात. २००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत इथे माणसांवरचे हल्ले खूप वाढले होते, आजही ती भीती सरलेली नाही. पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे. उरलेले अन्न उघड्यावर टाकले की कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. अंधारात एकटे मूल झाडामागे बसायला गेले, तर वाकलेले लहान अंग त्याला सावजासारखे दिसते. मुलांना हे न घाबरवता सांगायला हवे, पण सांगायलाच हवे.

परत आल्यावर वहीचे पान फाडून नवे केले. तंबू पाण्याकाठी नाही. त्या आजोबांच्या घरासमोर, खळ्यात, त्यांना रीतसर पैसे देऊन. तिथूनही मृग तेवढाच दिसतो. पाण्यावर जायचे ते दिवसाउजेडी आणि काठावरच बसायचे. मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट, आणि ती तंबूच्या आधी विकत घ्यायची. रात्री बाहेर जायचे तर मोठ्या माणसाबरोबर आणि बॅटरी घेऊन. थंडी कितीही वाजली तरी पेटती शेगडी तंबूत न्यायची नाही. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्या माणसाला तो कळत नाही. खरकटे पिशवीत बांधून परत आणायचे. जवळचा दवाखाना कुठे आणि तिथवर गाडी किती वेळात पोचते, ते आधी विचारून ठेवायचे.

आणि सगळ्यांत वर एक तक्ता. पाण्याजवळ असू तोवर तासातासाची पाळी, एका वेळी एकच माणूस. पाळी असेल त्याने गप्पा मारायच्या नाहीत, फोटो काढायचे नाहीत, खिशातला फोन दुसऱ्याकडे द्यायचा. लक्ष ठेवणे हे त्या तासापुरते त्याचे एकमेव काम. तीन ते चार मी, चार ते पाच सौ.

वही पुन्हा आईसमोर ठेवली. तिने ती दोनदा वाचली. मी तिला विहिरीची गोष्ट सांगितली, तेव्हा ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग तिने पेन मागितले आणि तक्त्याखाली आणखी एक ओळ लिहिली.

"पाच ते सहा, आजी."

धाकट्याने लगेच वही ओढून घेतली आणि बटाट्यांचा आकडा सहावरून आठ केला.