मुद्राक्षरविचार : लेखांक ७
जाड, तिरपे आणि एकरेषी

मागील लेखांकात जाड अक्षरांचा विचार झाला. त्याच अक्षराला उजवीकडे झोक दिला असता काय घडते, हे आज पाहावयाचे आहे.

रोमन लिपीतील तिरप्या अक्षराचे कुळ जुने आहे. व्हेनिसच्या आल्दुस मानुतियुसने १५०१ साली व्हर्जिलचे काव्य ज्या तिरप्या ठशांत छापले, ते फ्रांचेस्को ग्रिफोने विद्वानांच्या धावत्या हस्ताक्षरावरून कोरले होते. टोकांच्या शेंड्या छाटलेले सॅन्स-सेरिफ अक्षर लंडनच्या चौथ्या विल्यम कॅझलनने १८१६ च्या सुमारास काढले. त्यामागे धावत्या लेखणीचा वारसा नसल्यामुळे त्याचे तिरपेपण म्हणजे बहुधा उभ्या अक्षराला दिलेला निव्वळ कल होय. १९५७ च्या ‘युनिव्हर्स’मध्ये आद्रियाँ फ्रुटिगरने तर जाड उभ्याला ६५ आणि जाड तिरप्याला ६६ असे क्रमांकच बहाल केले; एखाद्या मामलेदार कचेरीलाही हेवा वाटावा अशी ही तजवीज!

देवनागरीला शेंड्या नव्हत्याच. येथे त्या जातीचे अक्षर म्हणजे बोरूच्या कापातून येणारा जाड-बारीक भेद टाकून दिलेले, एकाच जाडीच्या रेघेचे अक्षर. झोकही आपल्याला अपरिचित नाही; धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जतन केलेल्या मोडी कागदांकडे पाहावे, म्हणजे कारकुनाच्या हाताच्या वेगाने अक्षर कसे कलते ते ध्यानी येते. परंतु तो कल लिहिता लिहिता आलेला असतो, यंत्राने ढकलून दिलेला नसतो.

‘धुळे’ हाच शब्द परीक्षेला घ्यावा. ‘ध’च्या डोक्यावरील शिरोरेषेतील फट जाडीने बुजली, की वाचकाच्या पुढे ‘घुळे’ उभे राहते, ‘ळ’च्या दोन्ही वाट्या शाईने भरू लागतात, उकार डावीकडे घसरतो, मात्रा उजवीकडे पळते, आणि शिरोरेषा मात्र जागची हलत नाही, त्यामुळे दंड तिला जेथे तिरके भिडतात तेथे काळे कोपरे साचतात. ‘जळगाव’ त्या मानाने सुदैवी, कारण त्यातील ‘ज’, ‘ग’, काना आणि ‘व’ यांचे दंड एका दिशेने कलले, की शब्दाला सहजच गती येते. ‘मंगल’सारख्या संगणकीय अक्षरसंचात तिरपा नमुना स्वतंत्र रेखाटलेलाच नाही, तेथे कळ दाबली, की उभे अक्षरच ढकलले जाते, आणि वाटोळ्या रेघेची जाडी एका कर्णावर वाढून दुसऱ्यावर घटते. कुंचल्याने लिहिणारा कसबी पेंटर हे सर्व डोळ्यानेच सावरतो: फट मोकळी ठेवतो, उकार दंडाखाली ओढून घेतो.

म्हणूनच या अक्षराचे खरे राज्य केळीच्या ट्रकच्या पाठीवर, कुस्त्यांच्या जाहिरातीत, निवडणुकीच्या भिंतीवर आहे. जेथे मजकूर दोन-चार शब्दांचा आणि आवेश मोठा, तेथे ते शोभते. धुळ्याहून जळगावकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर धावत्या मोटारीतून वाचावयाच्या फलकाला ते कामाचे नाही. तेथे उभे, मोकळे अक्षरच हवे. पुस्तकाच्या परिच्छेदात तर त्याला मज्जाव असावा, असे माझे स्पष्ट मत आहे: एखाद्या शब्दावर भर द्यावयाचा असल्यास नुसते ठळक अक्षर पुरे, आणि ग्रंथनामासाठी आपल्या जुळाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेले एकेरी अवतरणचिन्ह आहेच.